बाथरूमच्या जाळीतून वर येणारा तो ‘काळा दोरा’ नक्की कोण असतो? वाळा सापाची पूर्ण गोष्ट

पावसाळ्याचे पहिले आठ-दहा दिवस झाले की हा प्रसंग ठरलेला. सकाळी कुणीतरी आंघोळीला जातं, जाळीपाशी काळा दोरा पडलेला दिसतो. पाणी ओतलं की तो दोरा वळवळायला लागतो. मग आरडाओरडा. घरातलं एक जण म्हणतं गांडूळ आहे, दुसरं म्हणतं नागाचं पिल्लू, तिसरं मोबाईल काढतं. कुणीतरी मीठ आणतं, कुणी फिनेल, कुणी उकळतं पाणी. दोन मिनिटांत विषय संपतो आणि व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर जातो. खाली मेसेज येतो, ‘काळजी घ्या, हा कानात शिरतो.’

तर हा जीव गांडूळ नसतो आणि नागाचं पिल्लूही नसतो. बहुतेक वेळा तो असतो वाळा. पूर्ण वाढलेला, बिनविषारी आणि माणसाला चावायचं म्हटलं तरी चावू न शकणारा साप.

साप आहे, पण सापासारखा दिसत नाही

वाळ्याची लांबी साधारण १० ते १५ सेंटिमीटर, म्हणजे नव्या पेन्सिलीपेक्षाही थोडी कमीच. जाडी बुटाच्या नाडीएवढी. रंग काळा, तपकिरी किंवा जांभळट करडा. कात टाकायच्या सुमारास त्यावर निळसर झाक येते. अंग चकचकीत, तेल लावल्यासारखं. डोकं आणि शेपटी जवळपास सारखीच दिसते, त्यामुळे कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हे पटकन कळत नाही.

डोळे असतात, पण नावापुरते. पारदर्शक खवल्याखाली दोन काळे ठिपके. त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. जमिनीखाली राहणाऱ्याला त्याहून जास्त बघायचं तरी काय? शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा असतो. वाळा हातात धरला की तो काटा कातडीला टोचतो आणि माणूस ‘चावला, चावला’ म्हणत हात झटकतो. तो डंख नसतो, त्यात विषही नसतं. मातीत पुढे सरकताना त्या काट्याचा टेकू घेतला जातो, एवढंच त्याचं काम.

गांडूळ आणि वाळा यातला फरक ओळखायला सोपा आहे. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, ते चिकट असतं आणि चालताना आखडतं, लांब होतं. वाळ्याची लांबी बदलत नाही. तो नागमोडी पळतो, कोरडा आणि गुळगुळीत असतो, आणि नीट पाहिलं तर इवलीशी जीभ आतबाहेर करताना दिसते. गोगलगायीवर मीठ टाकलं की ती आक्रसून मरते, कारण तिची कातडी ओली आणि उघडी असते. वाळ्याच्या अंगावर खवले असतात. मिठाने तो पटकन मरत नाही, नुसता तडफडत राहतो.

दोन तोंडांचा साप, आणि एक जुनी गफलत

मराठीत ‘दुतोंड्या’ म्हटलं की मांडूळ आठवतो. पण डोकं-शेपूट सारखं असल्यामुळे वाळ्यालाही अनेक ठिकाणी हेच नाव चिकटलंय. ही गफलत आजची नाही.

पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८व्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आंध्रच्या किनाऱ्यावर होता. घोणसाला इंग्रजीत ज्या रसेलचं नाव आहे, तोच हा. १७९६ साली त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर ग्रंथ छापला. त्यात विशाखापट्टणमच्या एका चिमुकल्या सापाचं चित्र होतं आणि खाली लोकांकडून ऐकलेलं तेलुगू नाव होतं. त्या नावाचा अर्थ ‘दोन डोक्यांचा साप’. पुढे १८०३ मध्ये फ्रान्समधल्या दोदँ या अभ्यासकाने त्याच चित्राच्या आधारे सापाला शास्त्रीय नाव दिलं, एरिक्स ब्रामिनस. आता गंमत बघा. एरिक्स ही मांडुळाची प्रजाती. म्हणजे गावकऱ्यांनी जी सांगड घातली होती, तीच पॅरिसच्या शास्त्रज्ञानेही घातली.

नंतर चूक लक्षात आली. वाळा आणि मांडूळ यांचं नातं फार दूरचं आहे. वाळ्याची जात सापांच्या वंशवृक्षात अगदी बुडाशी, खूप आधी वेगळी झालेल्या फांदीवर बसते. नाव पुढेही दोन-तीनदा बदललं आणि २०१४ पासून तो इंडोटायफ्लॉप्स ब्रामिनस म्हणून ओळखला जातो.

नर नाहीतच

मराठीत आपण ‘तो वाळा’ म्हणतो. प्रत्यक्षात जाळीतून वर येणारा प्रत्येक वाळा ‘ती’ असते. या जातीत नर सापडलेले नाहीत. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच जन्मतात, आईची हुबेहूब नक्कल. इतर काही सापांमध्ये, अजगरांमध्येसुद्धा, बंदिवासातल्या एखाद्या मादीने असं केल्याच्या नोंदी आहेत. पण तो अपवाद. अख्खी जातच अशी चालते असा आजवर माहीत असलेला साप हा एकच.

याचं कारण पेशींत आहे. बहुतेक प्राण्यांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. वाळ्यात तीन असतात, एकूण ४२ गुणसूत्रं. हे १९८७ च्या एका अमेरिकी अभ्यासात समोर आलं. तीन संचांची दोन सारख्या वाटण्यांत विभागणी होत नाही, त्यामुळे नेहमीची नर-मादीची पद्धत इथे चालतच नाही.

एका वेळी साधारण दोन ते सहा अंडी, शेंगदाण्याहूनही बारीक. त्यातून निघणारं पिल्लू जेमतेम दोन इंचांचं, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडंसं जाड.

आता यातून काय होऊ शकतं ते पाहा. कुंडीतल्या मातीत एक मादी लपलेली आहे. ती कुंडी जहाजातून दुसऱ्या देशात गेली. तिकडे जोडीदार शोधायची गरज नाही. ती एकटीच वसाहत सुरू करते. दक्षिण आशियातला हा साप अशाच पद्धतीने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, फ्लोरिडा, पॅसिफिक महासागरातली बेटं असा पसरलाय. जगातला सगळ्यात जास्त ठिकाणी पोचलेला साप म्हणून त्याचंच नाव घेतात. इंग्रजीत त्याचं एक नावच ‘फ्लॉवरपॉट स्नेक’ आहे, म्हणजे कुंडीतला साप.

हवाईचं उदाहरण तर भारी आहे. त्या बेटांवर मूळचा जमिनीवरचा एकही साप नाही. तिथे साप पाळणं हा गुन्हा आहे, विमानतळावर सापांसाठी तपासणी चालते. आणि वाळा? तो फिलिपिन्समधून आणलेल्या रोपांच्या मातीत बसून केव्हाच आत शिरलाय आणि बागांमधून आरामात राहतोय.

जेवायची पद्धत

वाळ्याचं खाणं ठरलेलं. मुंग्यांची अंडी, अळ्या, कोष आणि वाळवी. दिसत नसल्यामुळे सगळं काम वासावर. मुंग्यांच्या वाटेचा वास जिभेने घेत तो वारुळापर्यंत पोचतो. आत गेल्यावर मुंग्या अंगावर तुटून पडतात, पण घट्ट बसलेल्या गुळगुळीत खवल्यांवर त्यांचे दात चालत नाहीत.

त्याच्या तोंडाची रचना बाकी सापांपेक्षा उलटी आहे. नाग, धामण जबडा प्रचंड उघडून मोठं भक्ष्य गिळतात. वाळ्याचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, बारीक फटीसारखं. खालच्या जबड्यात दात नाहीत. वरच्या जबड्यातली दात असलेली दोन छोटी हाडं आतबाहेर हलतात आणि दाताळ्याने गवत ओढावं तसं खाणं आत ओढतात. हे इतकं झटपट चालतं की मुंग्यांनी फार त्रास द्यायच्या आत जेवण उरकतं. आणि माणसाच्या कातडीला हा जबडा धरूच शकत नाही. कानात शिरण्याच्या अफवेलाही इथेच उत्तर मिळतं. कानात ना अळ्या, ना वाळवी, ना ओली माती. तिकडे जायला त्याला काही कारणच नाही.

२०१५ मध्ये जपानी संशोधकांनी बंदिवासात ठेवलेल्या वाळ्यांचं जेवण कॅमेऱ्यात टिपलं. गिळून टाकणारा प्राणी म्हणून सापांची ओळख. इथे मात्र वाळा तोंडात धरलेली वाळवी जमिनीवर घासून तिचं डोकं तोडत होता आणि फक्त मऊ धड खात होता. सगळ्याच वाळव्यांचं नाही, पण बऱ्याच वाळव्यांचं. वाळवीचं डोकं कडक, ते पचत नाही. गिळलं तर जसंच्या तसं बाहेर येतं. मग पोटात जागा कशाला अडवा, असा साधा हिशोब.

याला खाणारेही पुष्कळ आहेत. परसातल्या कोंबड्या, मोठे बेडूक, पोवळा साप. त्यातला एक किस्सा इंटरनेटवर बराच गाजला होता. पूर्व तिमोरमध्ये काम करणाऱ्या सर्पतज्ज्ञांना दगडाखाली एक भेक सापडला, आपल्याकडे अंगणात दिसतो त्याच जातीचा. त्याच्या मागच्या बाजूने किड्यासारखं काहीतरी लोंबत होतं. नीट पाहिलं तर तो वाळा होता. भेकाने गिळलेला, अख्ख्या पचनमार्गातून प्रवास करून जिवंत बाहेर पडलेला. पुढे तो फार काळ जगला नाही, पण घट्ट खवले आणि कमी हवेत तग धरायची सवय काय करू शकते ते त्यातून दिसलं. २०१३ मध्ये त्याची रीतसर नोंद छापून आली.

बरणीत ठेवला तर?

आता मुद्दा येतो व्हिडिओनंतरचा. हल्ली प्रत्येक जण मारतो असं नाही. काही जण, विशेषतः घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर, त्याला काचेच्या बरणीत ठेवतात. झाकणाला भोकं पाडतात, तळाशी थोडं पाणी किंवा कापूस टाकतात, वर एखादं पान. हेतू चांगला असतो. पण एक-दोन दिवसांत वाळा मरतो.

कारण साधं आहे. इतका बारीक जीव उघड्यावर लवकर सुकतो. आणि कोरडेपणाला घाबरून पाणी जास्त ठेवलं तर श्वास घ्यायला जागा उरत नाही. अंगाला चारी बाजूंनी मातीचा स्पर्श नसेल तर तो थांबतच नाही, काचेला नाक घासत फिरत राहतो. सोबत गांडुळाचे तुकडे किंवा शिजलेला भात ठेवतात, तो त्याला खाणं म्हणून कळतही नाही.

भारतात साप पकडून घरी पाळायचा प्रश्नच येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्याच्या आड येतो. पण अभ्यासासाठी ज्या प्रयोगशाळांमध्ये किंवा परदेशात ज्यांच्याकडे हा ठेवला जातो, तिथली व्यवस्था समजून घेतली तर बरणीत काय चुकतं ते नीट कळतं. तिथे भांड्यात निदान वीतभर खोल भुसभुशीत माती असते, त्यात वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळलेला आणि वर पालापाचोळा. एका बाजूची माती ओलसर, दुसरी थोडी कोरडी, म्हणजे साप आपल्याला हवी ती जागा निवडतो. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपत ओल. उष्णता आपल्या घरातल्या सावलीइतकी. दिवा नको. हवेसाठीची भोकं टाचणीच्या टोकाएवढी, कारण जिथून मुंगी आरामात जाते तिथून वाळ्याचं पिल्लूही जातं. ओल्या काचेच्या कोपऱ्यातून तो वर चढूनही जातो, म्हणून झाकण घट्ट.

खरा ताप खाण्याचा. उंदीर खाणाऱ्या सापाला आठवड्याला एक उंदीर दिला की झालं. याला जिवंत वाळवी किंवा मुंग्यांच्या अळ्या सतत लागतात, म्हणजे साप सांभाळायचा तर आधी वाळवीची सोय सांभाळा. वाळवी घरात पाळायला घरचे किती राजी होतील हा वेगळा विषय.

आणि एवढं सगळं जमलं, माती योग्य, ओल योग्य, खाणं पुरेसं, तर बघणाऱ्याला काय दिसतं? मातीने भरलेलं एक भांडं. वाळा सुखात असेल तर तो वर येतच नाही. काचेपाशी सारखा दिसायला लागला की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. शिवाय भांड्यातला एक वाळा काही महिन्यांनी एकच राहील याची खात्री नसते, कारण जोडीदाराची अट नाही.

पण प्रत्येक बारका साप वाळा नसतो

इथे थोडं थांबायला हवं. ‘छोटा साप म्हणजे वाळा, वाळा म्हणजे बिनविषारी, मग घ्या हातात’ असं कुणी वाचून ठेवलं तर ते महागात पडेल. विषारी सापांची पिल्लंही पावसाळ्यातच दिसतात आणि त्यांच्यात पहिल्या दिवसापासून विष असतं.

नाग, मण्यार आणि घोणस यांची पिल्लं जन्मतःच वाळ्यापेक्षा लांब असतात, वीतभर किंवा त्याहून जास्त. फुरशाचं पिल्लू मात्र लांबीला वाळ्याएवढं असू शकतं. कोकणात आणि खडकाळ माळरानावर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. त्यामुळे नुसत्या लांबीवर जाऊ नका. अंगावर पट्टे, ठिपके किंवा कसलीही नक्षी आहे का? डोकं मानेपेक्षा रुंद आहे का? डोळे स्पष्ट दिसतात का? शेपटी निमुळती होत गेलीय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर तो वाळा नाही. वाळा एकरंगी, चकचकीत, मान नसलेला, ठिपक्याएवढ्या डोळ्यांचा आणि दोन्हीकडे बोथट असतो.

उलट बाजूने, सह्याद्रीत देवगांडूळही अशीच फसवतात, पण ते बेडकांचे नातेवाईक, त्यांची कातडी ओलसर असते आणि अंगावर वळी असतात. शिवाय आपल्या भागात वाळ्याचा एक मोठा भाऊबंद आहे, चोचीसारखं टोकदार तोंड असलेला. तो दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो. तोही बिनविषारी.

शंका असेल तर हात लावायचा नाही, दार लावून घ्यायचं, लांबून फोटो काढायचा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करायचा. आणि कुठल्याही सापाने दंश केला असेल तर ओळख पटवण्यात वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मग जाळीपाशी दिसला तर करायचं काय?

वाळा घरात राहायला आलेला नसतो. पावसाचं पाणी मातीत भरलं की बिळातली हवा संपते, मग तो वर सरकतो आणि पाइपच्या कडेने, फरशीच्या फटीतून किंवा जाळीतून आत निघतो. गुळगुळीत फरशीवर त्याला धड पळताही येत नाही, म्हणून तो वेड्यासारखा वळवळतो. बघणाऱ्याला तो हल्ला वाटतो.

वाळाच आहे याची खात्री असेल तर एक जाड कागद त्याच्याखाली सरकवा, वरून वाटी किंवा ग्लास पालथा घाला आणि उचला. चिमट्याने धरू नका, त्याच्या बरगड्या तुटतात. फ्लश करू नका. उन्हात तापलेल्या गच्चीवर किंवा सिमेंटच्या अंगणात टाकणं म्हणजे मारण्यासारखंच. लगेच सोडायची सोय नसेल, रात्र असेल, बाहेर धो धो पाऊस असेल तर कुंडीतली ओलसर माती एका डब्यात घ्या, त्यात त्याला सोडा, झाकणाला टाचणीने भोकं पाडा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. सकाळपर्यंत खाणं द्यायची गरज नाही.

पुन्हा पुन्हा येत असेल तर जाळी बारीक भोकांची बसवा आणि फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. आणि एकदा लाकडी चौकटी, कपाटाच्या मागची भिंत तपासा. वाळा वारंवार दिसतोय याचा अर्थ जवळपास त्याचं जेवण भरपूर आहे, म्हणजे मुंग्या किंवा वाळवी. चौकटीत वाळवी निघाली तर ती खबर त्याने फुकटात दिली असं समजा.

सोडायची जागा म्हणजे झाडाखालची सावलीतली भुसभुशीत माती, पालापाचोळ्याजवळ. सोसायटीत बाग नसेल तर मोठी कुंडी चालते. कागद मातीला टेकवला की तो आधी तोंड खुपसतो, मग शेपटीचा काटा रोवून ढकला देतो. व्हिडिओ काढायचा असेल तर मोबाईल आधीच सुरू ठेवा, कारण काही सेकंदांत तो मातीत दिसेनासा होतो.